वचनाचे स्मरण : ८९ व्या स्तोत्रातील श्रद्धेचे स्वरूप

प्रार्थनेतील श्रद्धा म्हणजे मनाची निःशंक व शांत अवस्था, ही समजूत ख्रिस्ती उपदेशवाङ्मयात फार रूढ आहे. देवाने वचन दिले आहे, सबब भक्ताने तक्रार करू नये; तक्रार केली तर तेवढ्या प्रमाणात त्याची श्रद्धा उणी, असा या समजुतीचा आशय असतो. बायबलातील प्रार्थनांची भाषा बारकाईने पाहिली असता मात्र ही समजूत टिकत नाही. देवाच्या करारावरील विश्वास ज्या प्रार्थनेत सर्वांत कठोर कसोटीला लागला आहे, त्या स्तोत्रसंहितेतील ८९ व्या स्तोत्राच्या आधारे हा विश्वास भाषेत कोणते रूप घेतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम 'करार' या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. 'जुना करार' आणि 'नवा करार' ही नावे मराठीत इतकी रुळली आहेत की त्यांच्या अर्थाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. 'करार' हा शब्द अरबीतून आलेला असून स्थिर होणे, ठरणे हा त्याचा मूळ भाव आहे. परंतु मराठी व्यवहारात करार म्हटला की दोन पक्ष, उभयपक्षी अटी आणि मोबदला या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. ज्या हिब्रू शब्दासाठी तो योजला आहे त्या 'बेरीथ'चा विस्तार याहून मोठा आहे. याकोब आणि लाबान यांच्यातील समेट हाही बेरीथच. पण उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो तेथील विधी पाहण्यासारखा आहे. पशूंचे दोन भाग करून समोरासमोर मांडलेले आहेत. अब्राहाम गाढ निद्रेत आहे. आणि त्या भागांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल ही देवाच्या सान्निध्याची चिन्हे तेवढी जातात. अब्राहाम जात नाही. बांधून घेणारा पक्ष एकच आहे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांना ही गोष्ट जाणवली असावी. कारण परस्पर-करारासाठी 'सिन्थेके' हा शब्द उपलब्ध असतानाही त्यांनी 'दियाथेके', म्हणजे एका पक्षाने केलेली व्यवस्था, हा शब्द निवडला.

मराठीच्या जुन्या राज्यव्यवहारात याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, तो म्हणजे 'कौल'. हाही अरबीच, त्याचा मूळ अर्थ उक्ती, बोललेला शब्द. सरकारातून रयतेला अभयाचा कौल दिला जाई. तो वरून खाली येई, आणि रयतेने पुढे दाद मागावयाची तर त्याच कौलाचा हवाला देऊन मागावयाची. 'करार' हा शब्द बदलावा अशी सूचना येथे करावयाची नाही. देवळात लावल्या जाणाऱ्या कौलामुळे या शब्दाला वेगळाच रंग चढलेला आहे. तथापि ८९ वे स्तोत्र वाचताना वाचकाने 'करार' या शब्दाखाली कौलाचा अर्थ जागता ठेवावा, इतके म्हणावयास हरकत नाही.

एथान एज्राही याच्या नावावर असलेल्या या स्तोत्राचे ५२ श्लोक आहेत. पहिल्या ३७ श्लोकांत देवाची स्तुती आणि दावीदाच्या वंशाला दिलेले अभिवचन येते. नाथान संदेष्ट्याच्या मुखाने दिलेले हे अभिवचन शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात आहे. ३८ व्या श्लोकापासून सूर एकदम पालटतो. अभिषिक्त राजा टाकून दिला गेला आहे, त्याचे सिंहासन जमिनीवर पाडले गेले आहे, शेजारी त्याची निर्भर्त्सना करीत आहेत. हा प्रसंग कोणता याविषयी एकमत नाही. अनेक अभ्यासक त्याचा संबंध इ. स. पूर्व सहाव्या शतकातील यरुशलेमच्या पाडावाशी जोडतात. तक्रारीचे हे १४ श्लोक ५१ व्या श्लोकापाशी उत्तरावाचून थांबतात. ५२ वा श्लोक हा स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचा समारोप होय.

हे दोन भाग मुळात निराळे असून मागाहून जोडले गेले, असे मत मांडले गेले आहे. रचनेचा इतिहास काहीही असो. आज जे स्तोत्र आपल्यापुढे आहे त्यात दोन्ही भागांची शब्दकळा घट्ट विणलेली आहे. 'हेसेद' म्हणजे करारनिष्ठ प्रेम आणि 'एमूना' म्हणजे विश्वसनीयता, हे दोन शब्द स्तोत्रात प्रत्येकी सात वेळा येतात. त्यांपैकी सहा-सहा वेळा ते पहिल्या भागात आहेत. दुसऱ्या भागात ते एकेकदाच येतात, आणि तेही एकाच श्लोकात, ४९ व्या. तेथे कवी विचारतो की, पूर्वीची ती प्रेमकृत्ये कोठे आहेत, ज्यांविषयी तू आपल्या विश्वसनीयतेने दावीदाशी शपथ वाहिलीस? या प्रश्नातील हेसेद, एमूना, शपथ आणि दावीद हे चारही शब्द वचनाच्या भागातून उचललेले आहेत. तक्रारीची भाषा तक्रार करणाऱ्याची नाही. ती देवाचीच आहे.

दुसरे उदाहरण याहून तीक्ष्ण आहे. भ्रष्ट करणे, पावित्र्य घालविणे या अर्थाचा हेथ-लामेद-लामेद हा धातू स्तोत्रात तीन वेळा येतो. ३१ व्या श्लोकात त्याचा कर्ता आहे दावीदाचे वंशज : त्यांनी माझे विधी भ्रष्ट केले तर. ३४ व्या श्लोकात कर्ता आहे देव, आणि क्रियापद नकारार्थी : मी आपला करार भ्रष्ट करणार नाही. ३९ व्या श्लोकात कर्ता पुन्हा देवच, पण आता नकार गेलेला आहे : तू त्याचा मुकुट धुळीत मिळवून भ्रष्ट केलास. एकाच धातूच्या या तीन रूपांत संपूर्ण खटला मांडला गेला आहे. सर्वनामाचेही तसेच. हिब्रूत मराठीप्रमाणेच सर्वनाम गाळता येते. म्हणून ते उघडपणे योजले की त्याला वजन येते. ९ ते १२ या श्लोकांत 'तू' हे सर्वनाम स्तुतीसाठी पुनःपुन्हा येते : समुद्राचा गर्व आवरणारा तू, उत्तर व दक्षिण निर्माण करणारा तू. ३८ व्या श्लोकाच्या आरंभी तेच सर्वनाम 'पण तू' असे उभे राहते, आणि आरोप सुरू होतो.

इतके बोलून झाल्यावर हा कवी मागतो काय? शत्रूचा नाश नाही, सिंहासनाची पुनःस्थापनाही नाही. तक्रारीच्या भागात देवाला उद्देशून एकच आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि ते दोनदा येते (४७, ५०) : 'स्मरण कर'. हिब्रू 'झाखार' या धातूत स्मृती आणि कृती यांची फारकत नाही. मिसर देशात देवाला आपल्या कराराचे स्मरण झाले, म्हणजेच तो सोडवणुकीस प्रवृत्त झाला. श्रद्धेचे स्थान या एका क्रियापदात आहे. ज्याने वचन दिले त्याच्याकडेच वचनभंगाची दाद मागणे, दुसरे न्यायासन न शोधणे, हा तो विश्वास होय. अविश्वासी मनुष्य इतकी तक्रार करीत नाही; तो बोलणेच सोडून देतो.

मराठी वाचकाला येथे संतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नामदेव आणि तुकाराम विठ्ठलाला त्याच्या पतितपावन या ब्रीदाची आठवण देऊन भांडतात. साम्य खरे आहे. परंतु भेदही ध्यानात घ्यावयास हवा. ब्रीद हे देवाच्या स्वभावाचे नाव आहे. ते कोणीही, केव्हाही पुढे करावे. दावीदाशी केलेला करार हा विशिष्ट काळी, विशिष्ट व्यक्तीला दिलेला शब्द आहे. म्हणून इतिहासातील घटना त्याला खोटा ठरविण्याचा धाक घालू शकते. नवसाशी तर त्याचे नाते उलटे आहे. नवसात बोलणारा भक्त असतो आणि फेडणाराही भक्तच. येथे बोलला आहे देव, आणि भक्त केवळ त्या बोलण्याचा साक्षी आहे.

ख्रिस्ती उपासनेने या स्तोत्राचे काय केले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नाताळच्या संध्याकाळसाठी ८९ वे स्तोत्र संपूर्ण नेमलेले आहे. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन कॅथलिक वाचनक्रमात नाताळच्या पूर्वसंध्येच्या मिस्सासाठी हेच स्तोत्र आहे; पण निवडलेले श्लोक सर्व पहिल्या भागातील. तक्रारीचा भाग तेथे ऐकू येत नाही. मिस्साला वेळेची मर्यादा असते, हे मान्य. परंतु ज्या स्तोत्रात वचन आणि वचनभंगाचा भास समोरासमोर ठेवलेले आहेत, त्यातील एकच बाजू गायिली की श्रद्धा ही वचनाची केवळ उजळणी होऊन बसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ख्रिस्ताच्या ठायी हे वचन पूर्ण झाले असल्यामुळे ख्रिस्ती भक्ताला तक्रारीचे कारण उरलेले नाही. देवाच्या सर्व वचनांना ख्रिस्तामध्ये 'होय' आहे, असे पौल करिंथकरांना लिहितो, हे खरेच. पण तोच पौल रोमकरांना लिहिताना सृष्टी आणि भक्त दोघेही अद्याप कण्हत आहेत असे म्हणतो. आणि प्रकटीकरणाच्या ६ व्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे 'कोठवर' हाच जुना प्रश्न विचारतात. नव्या कराराने तो प्रश्न रद्द केलेला नाही.

५२ व्या श्लोकाचा शेवट 'आमेन' या शब्दाच्या द्विरुक्तीने होतो. तो समारोप संकलकाचा असेल. तथापि हा शब्द ज्या आलेफ-मेम-नून धातूपासून आला आहे, त्याच धातूपासून 'एमूना'ही आलेला आहे. प्रत्येक ख्रिस्ती प्रार्थनेच्या अखेरीस उच्चारला जाणारा हा शब्द येथे अनुत्तरित प्रश्नाच्या पाठोपाठ येतो. 'आमेन' म्हणणे म्हणजे उत्तर मिळाल्याची पावती देणे नव्हे. ज्याने शब्द दिला त्याला त्या शब्दाशी बांधून ठेवणे होय, असा त्याचा अर्थ या स्तोत्रावरून करावा लागतो.