दोन व्हॉल्व्ह, तीन हजार व्होल्ट

हौशी रेडिओवाल्यांमध्ये ‘लिनियर’ची, म्हणजे रेडिओ सेटची शक्ती वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची, गोष्ट निघाली की बोलणं लगेच वॅटवर येतं. कोणाकडे किती किलोवॅट, कोणाला कुठून काय रिपोर्ट मिळाला. हीथकिटच्या एसबी-220 या अ‍ॅम्प्लिफायरवर मी लुब्ध आहे तो त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या नेमकेपणामुळे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या बेंटन हार्बरहून 1970च्या आसपास हा अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपात घरोघरी जाऊ लागला. जोडायचा घेणाऱ्यानेच. सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक कृतीपुढे एक रिकामा कंस असे. वायर लावली, डाग दिला, की कंसात खूण करायची आणि पुढे जायचं. अशा शेकडो खुणा करत गेलेल्या माणसाला आपल्या यंत्राचा कानाकोपरा पाठ होतो. त्या पुस्तिकेला मी तांत्रिक गद्याचा उत्तम नमुना मानतो. एका वाक्यात एकच काम, आणि वाचणाऱ्याच्या हातांवर पूर्ण विश्वास.

झाकण काढून पाहावं तर आत गर्दी नाही. आयमॅकचे दोन 3-500झेड व्हॉल्व्ह शेजारी शेजारी उभे, बाजूने वारा घालणारा साधा पंखा, मागे ट्रान्सफॉर्मर, आणि आठ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची माळ. एकेक कपॅसिटर 450 व्होल्टचा, पण आठ जणांनी भार वाटून घेतला की तीन हजार व्होल्ट पेलतात. व्हॉल्व्हच्या ग्रिड चासीला, म्हणजे अर्थला जोडलेल्या. सेटकडून आलेला सिग्नल फिलामेंटवर चढतो. या मांडणीतली खुबी अशी, की ढकलणारी शक्ती वाया जात नाही, तिचा मोठा वाटा पुढे अँटेनापर्यंत पोचतो. शिवाय अर्थला बसलेली ग्रिड इनपुट आणि आउटपुट यांच्यात पडद्यासारखी उभी राहते, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच शिट्टी घालायला लागण्याची भीती बरीच कमी होते. अडचण एकच. त्याच फिलामेंटला पाच व्होल्टवर दोन्ही व्हॉल्व्ह मिळून तीसेक अँपिअर करंट द्यायचा, आणि सिग्नल मात्र त्या वाटेने निसटू द्यायचा नाही. त्यासाठी फेराइटच्या कांडीवर जाड तारेची जोडी गुंडाळलेला चोक आहे. अख्ख्या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

समोरच्या पॅनलवरच्या एका स्विचवर ‘सीडब्ल्यू/ट्यून’ आणि ‘एसएसबी’ अशा दोन जागा आहेत. त्या काळी अमेरिकेतला नियम अँटेनाला किती शक्ती जाते हे पाहत नसे. व्हॉल्व्हला डीसी किती दिली जाते ते मोजे, आणि मर्यादा होती एक किलोवॅट. म्हणून मोर्ससाठी (सीडब्ल्यू) कमी व्होल्टेज, बोलण्यासाठी (एसएसबी) जास्त. 1983मध्ये हिशेब बदलला, आउटपुटला 1500 वॅट पीईपी (शिखर शक्ती) अशी मर्यादा आली, पण जुना कायदा त्या स्विचच्या रूपाने पॅनलवर राहिला. तशीच खूण एसबी-220च्या भावंडात, एसबी-221मध्ये दिसते. सीबीवाले, म्हणजे सिटिझन्स बँडवर बोलणारे, लिनियर बेकायदा वापरू लागल्यामुळे 1978मध्ये 27 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे अ‍ॅम्प्लिफायर बनवण्यावर बंदी आली आणि या भावंडाचा 10 मीटर बँड गेला. दोष दुसऱ्यांचा, कात्री हौशींच्या बँडला. याची हळहळ मला आजही वाटते.

पण यंत्र कळतं ते ट्यून करताना. ‘ट्यून’ आणि ‘लोड’ ही दोन बटणं तंबोऱ्याच्या तारांसारखी आहेत, एक लावली की दुसरी पुन्हा तपासावी लागते. थोडा ड्राइव्ह द्यायचा, ट्यून फिरवून प्लेट (अ‍ॅनोड) करंट खाली घसरतो ती जागा गाठायची, मग लोड, मग पुन्हा ट्यून. शक्तीचा काटा चढत जातो. नवशिक्याची नजर तिथेच खिळते. मुरलेला माणूस ग्रिड करंटही पाहतो. ग्रिड प्लेटच्या मानाने फार चढली तर लोड कमी पडलाय, म्हणजे शक्तीला बाहेरची वाट अपुरी आहे. आणि काट्यांच्याही आधी खरं सांगतात ते अ‍ॅनोड. झाकणाच्या जाळीतून ते लालसर दिसू लागतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, पण हे व्हॉल्व्ह तसे तापावेत म्हणूनच घडवलेले आहेत. तापलेला अ‍ॅनोड आत उरलेला वायू शोषून निर्वात टिकवतो. मात्र ट्यून चुकीच्या जागी असेल तर काही सेकंदांत ती लाली भडक होते. आणि दोघांपैकी एकच जास्त लाल दिसला तर समजावं, जोडी जमलेली नाही.

या तीन हजार व्होल्टना दुसरी संधी देणं ठाऊक नाही. बंद केल्यावर व्होल्टेजचा काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं, प्लग काढायचा, मगच झाकण. आतलं झाकण उचललं की एक पट्टी हाय व्होल्टेजला चासीशी जोडते. बनवणाऱ्याने माणसाच्या घाईचा विचार करून ठेवलेला आहे. तरीही इन्सुलेटेड काठीने स्वतः अर्थ करून घेतल्याशिवाय आत हात घालू नये. आजच्या सेटवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मागच्या रिले जॅकवर शंभराच्या वर डीसी व्होल्ट असतात. व्हॉल्व्हच्या काळातल्या सेटना ते चालून जायचं, पण आताच्या सेटचा ट्रान्झिस्टर तिथेच जळू शकतो, म्हणून मध्ये एक छोटं सर्किट हवं.

एवढ्या सगळ्यातून मिळतं काय? 100 वॅटचे 1000 झाले तर दहा डेसिबल, म्हणजे ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर दीड युनिटहून जरा जास्त. गोंगाटात बुडालेला आवाज तेवढ्याने कळू लागतो, आणि अनेकदा तेवढंच हवं असतं. भारतात जनरल ग्रेड परवान्याला मर्यादा 400 वॅटची. तिथपर्यंत सहा डेसिबल, पूर्ण एक एस-युनिट, पदरात पडतं. त्यापुढच्या 600 वॅटनी फक्त चार डेसिबलची भर पडते. तेव्हा आपल्याकडे हा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा तर सेटचा ड्राइव्ह तीस-चाळीस वॅटवर आणावा. दोन्ही अ‍ॅनोड जेमतेम रंगतात, ट्रान्सफॉर्मर कोमट राहतो आणि दूरच्या स्टेशनला फरक कळतो.