शनिवार-रविवारचे युरोप, सोमवारचे बार्सिलोना

परदेशात एखादे सत्र शिकून आलेल्या विद्यार्थ्यांचे लेखन वाचताना बहुधा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढेच युरोप हाती लागते. स्वस्त विमान, पाठीवर सॅक, या आठवड्यात प्राग, पुढच्या आठवड्यात रोम. मधल्या दिवसांत हा मुलगा कुठे राहतो, काय शिजवतो, वर्गात त्याला काय कळत नाही, याबद्दल फार तर दोन ओळी. सेद्रिक क्लापिश या फ्रेंच दिग्दर्शकाचा २००२ सालचा ‘लोबेर्ज एस्पान्योल’ हा चित्रपट अजूनही पाहावासा वाटतो, कारण त्याने हे प्रमाण उलटे केले आहे.

युरोपातली ‘इरॅस्मस’ योजना १९८७ साली अकरा देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. चित्रपटातला झाव्हिए याच योजनेतून वर्षभरासाठी पॅरिसहून बार्सिलोनाला येतो. पॅरिसच्या अर्थखात्यात नोकरी हवी असेल तर स्पॅनिश शीक, असा सल्ला त्याला मिळालेला असतो. इंग्लंड, जर्मनी, इटली, डेन्मार्क, बेल्जियम आणि खुद्द स्पेन अशा ठिकाणच्या मुलामुलींबरोबर तो एका घरात भाड्याने राहतो. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘स्पॅनिश सराई’. फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचार आहे: जिथे आपण आणलेली शिदोरीच आपल्याला खायला मिळते अशी जागा.

चित्रपटाचा जीव त्या घराच्या अस्ताव्यस्त संसारात आहे. भांडी कोणी घासायची याचा वाद, इंग्रज वेंडीचा साफसफाईवरून होणारा संताप, आणि फोनशेजारी चिकटवलेला तो कागद. कोणाच्याही आईचा फोन आला तर ‘तो घरात नाही’ हे तिच्या भाषेत कसे सांगायचे, ते त्यावर लिहिलेले. मोबाइल घरोघरी पोचण्याआधीची ही गंमत आज पुराव्यासारखी जपावी अशी आहे. झाव्हिएचे एक स्वगतही लक्षात राहते. नव्या शहरात रस्त्यांची नावे आधी नुसते आवाज असतात. उर्किनाओना हे मेट्रो स्टेशनचे नाव जिभेवर बसत नाही. मग त्याच रस्त्याने पन्नास वेळा गेल्यावर ते नाव आपले होते, आणि आधी ते अनोळखी होते हेच आठवेनासे होते. दोन दिवसांच्या सहलीत हे घडूच शकत नाही. तिथे प्रत्येक नाव एकदाच भेटते.

चित्रपटात थोड्या दिवसांचे पाहुणेही आहेत. झाव्हिएची प्रेयसी मार्तीन पॅरिसहून येते आणि त्या घरात तिला जागाच सापडत नाही. बिछाना मिळतो, जागा नाही. वेंडीचा भाऊ विल्यम येतो तो विनोदांचे गाठोडे घेऊनच. जर्मन मुलगा दिसला की हिटलरची नक्कल, स्पॅनिश मुलगी दिसली की तिच्या देशाबद्दल एक ठरीव वाक्य. घाईच्या प्रवाशाचे ज्ञान नेमके असेच असते: एका देशाला एक विशेषण. सगळे त्याच्यावर वैतागतात, पण क्लापिश त्याला निव्वळ मूर्ख ठरवत नाही. वेंडीवर प्रसंग येतो तेव्हा तिची लाज राखायला हाच पुढे होतो. (झाव्हिए आणि विवाहित आन-सोफी यांचे प्रकरण मात्र आज पाहताना खटकते. तिथे बाई म्हणजे नायकाच्या अभ्यासक्रमातला आणखी एक विषय झाली आहे.)

माझे खरे भांडण एका वर्गातल्या प्रसंगाशी आहे. प्राध्यापक कातालान भाषेत शिकवत असतो. बेल्जियमची इझाबेल त्याला विनंती करते, की आम्हा परदेशी मुलांसाठी कॅस्तिलियनमध्ये, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिच्यात, शिकवाल का? तो साफ नकार देतो. स्पॅनिशच हवी असेल तर माद्रिदला जा, असा त्याचा सूर. पुढे मुलांची चर्चा होते. तीत एक गांबियन वंशाचा तरुण आपण कातालानही आहोत आणि गांबियनही, असे शांतपणे सांगतो. चित्रपटातले हे सर्वांत शहाणे बोलणे, आणि तेच सर्वांत लवकर आटोपते. प्राध्यापकाची प्रतिमा मात्र हट्टी माणसाची राहते.

हा हट्ट कुठून आला, याचा चित्रपटाला पत्ता नाही. फ्रँकोच्या राजवटीत कातालानला शाळेतून आणि सरकारी कामकाजातून हद्दपार केले होते. फ्रँको १९७५ साली वारला. म्हणजे त्या वर्गातल्या प्रौढ माणसाने स्वतःची भाषा बहुधा शाळेबाहेर जपली असणार. सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलीची सोय व्हावी म्हणून त्याने ती पुन्हा बाजूला ठेवायची का? इझाबेलची अडचण खोटी नाही. शिवाय ती स्वतः भाषांच्या भांडणाने दुभंगलेल्या देशातून आलेली आहे, म्हणून हा प्रसंग बराच खोल जाऊ शकला असता. पुण्यात किंवा बंगळूरमध्ये शिकायला आलेल्या परप्रांतीय मुलांनी आणि त्यांच्या घरमालकांनी हा वाद रोज अनुभवलेला आहे. आपण भारतीय वाचक तो प्रसंग विनोद म्हणून पाहूच शकत नाही. क्लापिशला मात्र सात जणांच्या घरातली भाषांची खिचडी एवढी आवडते, की ती ज्या गावाच्या चुलीवर शिजते त्या गावाची भाषा त्याला अडथळा वाटते.

शेवटी झाव्हिएला पॅरिसमध्ये ती नोकरी मिळते, पहिल्याच दिवशी तो तिथून पळ काढतो आणि लिहायला बसतो. ‘रशियन बाहुल्या’ (२००५) आणि ‘चिनी कोडे’ (२०१३) या अर्थांच्या शीर्षकांचे पुढचे भाग त्याला सेंट पीटर्सबर्गला आणि न्यूयॉर्कला घेऊन जातात. मंडळी तीच राहतात, शहरे बदलत जातात.