आधी ते तिचंच होतं

चित्र फोनवर उघडा आणि दोन बोटांनी मोठं करा. चेहरा नंतर बघू, आधी तिचा हात बघा. लांबसडक, हाडं जाणवणारी बोटं आणि त्यांच्याखाली अर्मिन, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पांढराशुभ्र प्राणी. हा हात त्याला लाडाने कुरवाळत नाही आणि आवळतही नाही. नुसता ताबा ठेवतो. लिओनार्दो दा विंचीचं 'लेडी विथ ॲन अर्मिन' मला या हातासाठी आवडतं. चित्र कुणाकुणाच्या मालकीचं होतं हे वाचल्यावर तर जास्तच.

ही चेचिलिया गाल्लेरानी, जन्म १४७३चा. १४९०च्या आसपास, ती सोळा-सतरा वर्षांची असताना, लिओनार्दोने तिला अक्रोडाच्या फळीवर रंगवलं. आकार जेमतेम ५४ बाय ३९ सेंटिमीटर. मिलानची सत्ता तेव्हा लुडोविको स्फोर्झाच्या हातात होती आणि चेचिलिया त्याची प्रेयसी होती. नेपल्सच्या राजाने १४८८मध्ये लुडोविकोला अर्मिनच्या नावाचा सन्मान दिला होता, म्हणून हा प्राणी त्याचं प्रतीक मानला जातो. ग्रीकमध्ये अशा प्राण्याला 'गाले' म्हणतात, म्हणजे तिच्या आडनावावर कोटीसुद्धा झाली. यावरून चित्राचा एक सरधोपट अर्थ लावला जातो: ती त्याची, म्हणून त्याचं चिन्ह तिच्या कुशीत. मला तो अर्धाच पटतो. चिन्ह त्याचं असेल, पण हात कुणाचा आहे?

१४९१मध्ये लुडोविकोने बेआत्रिचे देस्तेशी लग्न केलं. त्याच वर्षी चेचिलियाला त्याच्यापासून मुलगा झाला आणि पुढच्या वर्षी तिचं एका सरदाराशी लग्न लावून दिलं गेलं. दरबारातली जागा गेली, पण चित्र तिच्याकडे राहिलं. हे आपल्याला कळतं ते १४९८च्या पत्रांमुळे. बेआत्रिचेची बहीण इझाबेला देस्ते हिने ते चित्र बघायला मागवलं. तिला बेल्लिनीच्या व्यक्तिचित्रांशी त्याची तुलना करायची होती. चेचिलियाने ते पाठवलं, पण सोबत कळवलं की हे आता माझ्यासारखं दिसत नाही. दोष चित्रकाराचा नाही, त्याच्या तोडीचा कुणी नाही. मी तेव्हा फार लहान होते, आता पार बदलले आहे.

जुना डीपी बघून आपण हसतो, तसं हे वाचून मला आधी हसू आलं. मग जाणवलं की चित्रातल्या बाईचं स्वतःच्या चित्राबद्दलचं मत आपल्यापर्यंत क्वचितच पोचतं. इथे ते पोचलं, कारण चित्र तिच्या घरात होतं आणि ते द्यायचं की नाही हे तिच्या हातात होतं.

नंतरच्या मालकांचं तसं नाही. जवळजवळ तीनशे वर्षं चित्राचा माग लागत नाही. १८००च्या सुमारास पोलंडच्या आदाम चार्तोरिस्कीने ते इटलीत विकत घेऊन आपल्या आईला, इझाबेलाला दिलं. पुढे चित्राच्या डाव्या कोपऱ्यात 'ला बेल फेरोनिएर' असं भलत्याच बाईचं नाव चढलं. पार्श्वभूमीही मुळात निळसर-करडी होती, ती काळी झाली. १९३९मध्ये नाझींनी चित्र लुटलं. व्याप्त पोलंडचा गव्हर्नर हान्स फ्रांक याने ते क्राकोवच्या वावेल किल्ल्यात लावलं आणि पळताना सोबत नेलं. १९४५मध्ये ते बव्हेरियात सापडलं आणि पोलंडला परत आलं. २०१६मध्ये पोलंड सरकारने अख्खा चार्तोरिस्की संग्रह १० कोटी युरोंना घेतला.

मालकीचा इतिहास म्हणजे चित्रामागची पुरवणी, असं मी समजायचो. आता ही यादी वाचून मी पुन्हा चित्राकडे जातो. चेचिलियाची मान वळलेली आहे आणि ती चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघते आहे. तिथे लुडोविको उभा असेल असं म्हणतात. लिओनार्दोने तिथे कुणालाच रंगवलेलं नाही. म्हणून प्रत्येक मालकाला वाटलं असेल की ती आपल्याकडेच बघते आहे. पण तिने बोलावलेलं कुणी तिथे आहे, असं तिच्या चेहऱ्यावरून मला तरी दिसत नाही. तिच्या हाताखालचा तो प्राणीही तिकडेच बघतो आहे, आणि हात अजून सैल झालेला नाही.