‘कळले नाही’ म्हणणारा अर्जुन

माउली, ज्ञानेश्वरीचा तिसरा अध्याय पारायणात भरभर जातो. मागच्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणे अजून मनात घोळत असतात आणि पुढच्या सहाव्या-नवव्याची ओढ लागलेली असते. त्यात तिसऱ्याच्या आरंभीच्या तीसेक ओव्या म्हणजे अर्जुनाचे नुसते रडगाणे, असे समजून आपण पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षे तसाच सरकत आलो. आज तुम्हाला त्या तीस ओव्यांपाशी थोडे बसवून घ्यायचे आहे. कारण तिथे माउलींनी एक गोष्ट करून ठेवली आहे, जी आपण कीर्तन-प्रवचन करणारे हळूहळू विसरत चाललो आहोत.

मी तिथे का थांबलो, ते आधी सांगतो. आमच्याकडे विरारला दर गुरुवारी संध्याकाळी हरिपाठ झाला की अर्धा-पाऊण तास ज्ञानेश्वरीवाचन होते. वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे. बसणारी मंडळी पंधरा-वीस. कोणी वाडवळ, कोणी आगरी, कोणी कोकणातून गिरणीच्या दिवसांत आलेले, दोघे-तिघे देशावरचे. एका गुरुवारी मी निष्काम कर्मावर चांगला चाळीस मिनिटे बोललो. चित्तशुद्धी झाली, अधिकारभेद झाला, कर्म आणि नैष्कर्म्य यांतला फरक झाला. माना डोलत होत्या. मलाही वाटले, आज बरे जमले. उठता उठता एक मावशी जवळ आल्या. त्यांची चाफ्याची झाडे आहेत, पहाटेच्या लोकलने त्या फुले दादरला नेतात. त्या म्हणाल्या, “बुवा, बोललात छान. पण मग उद्या पहाटे मी फुलं तोडू की नको तोडू?”

मला उत्तर देता आले नाही. म्हणजे ‘तोडा’ एवढे म्हणता आले. पण माझ्या चाळीस मिनिटांतले एकही वाक्य त्या ‘तोडा’पर्यंत पोहोचत नव्हते. फुले विकून पैसे घ्यायचे, तर फळाची आशा सोडायची म्हणजे काय करायचे? त्यांचा प्रश्न तिथे होता, आणि मी त्या वाटेने गेलोच नव्हतो. रात्री घरी येऊन मी तिसरा अध्याय पुन्हा उघडला.

आता तो आरंभ नीट पाहा. मूळ गीतेत अर्जुनाचा हा प्रश्न दोनच श्लोकांचा आहे. कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असेल तर मला या घोर कर्मात का लोटतोस, तुझ्या संमिश्र बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते, काहीतरी एक निश्चित सांग. एवढेच. ज्ञानदेवांना हे दोन श्लोक चार ओव्यांत संपवता आले असते. त्यांनी तीसेक ओव्या दिल्या. ज्या ठिकाणी मूळ ग्रंथ आखडता हात घेतो आणि टीकाकार सढळ होतो, तिथे टीकाकाराचे मन दिसते, असे मला वाटते. इथे ते सढळ झाले आहेत ते न समजणाऱ्याच्या बाजूने.

त्यांचा अर्जुन देवाला काय काय म्हणतो? तूच असे बोलू लागलास तर आम्ही नेणत्यांनी करावे काय? वैद्य पथ्य सांगून गेला आणि मग त्यानेच विष घातले, तर रोग्याने जगावे कसे? आंधळ्याला आडवाटेला लावावे, माकडाला मद्य पाजावे, तसा तुमचा हा उपदेश आमच्या वाट्याला आला. तू मला फसवतो आहेस, की तत्त्वच आडून सुचवतो आहेस? शिष्याने गुरूला एवढे बोलावे आणि ते ग्रंथात जसेच्या तसे राहावे, हे साधे नव्हे. माउलींच्या अर्जुनाला न कळण्याची लाज वाटत नाही. उलट, तू माझी माय आहेस, कामधेनू दारात आल्यावर मागायला संकोच कशाचा, अशी त्याची भूमिका आहे.

मग तो मागणे मागतो. औषध रोग घालवणारे तर हवेच, पण ते जिभेला गोडही लागले पाहिजे. अर्थ पूर्ण असावा, पण माझ्या चित्ताला उमजेल असा असावा. आणि इथे एक शब्द येतो, ज्याच्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला आहे. तो म्हणतो, मला विवेक सांगा, पण ‘मऱ्हाटा’ सांगा. कुरुक्षेत्रावरचा अर्जुन मराठी भाषा मागतो आहे, असे अर्थातच नाही. सोपे, उघड, आडपडदा नसलेले असा अर्थ टीकाकार तिथे घेतात आणि तो बरोबर आहे. पण शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवाशाला बसून जो मुलगा गीता मराठीत आणतो आहे, त्याने ‘स्पष्ट’ या अर्थी नेमका हाच शब्द अर्जुनाच्या तोंडी घालावा? आपल्या भाषेचे नाव आणि ‘समजेल असे’ हा अर्थ त्यांनी एका शब्दात बांधून टाकला. सहाव्या अध्यायात मराठीच्या गोडीबद्दल ते जे म्हणतात ते सर्वांना पाठ आहे. सभेत ते म्हटले की टाळ्या पडतात. मला विचाराल तर तिसऱ्यातला हा एक शब्द त्याहून मोलाचा. सहाव्यात भाषेचा अभिमान आहे. तिसऱ्यात भाषेचे काम सांगितले आहे.

देवाचे उत्तरही पाहण्यासारखे आहे. तो रागावत नाही. विस्मयाने म्हणतो, अर्जुना, ते आम्ही सुचवून बोललो होतो. बुद्धियोग सांगताना ओघात सांख्यही सांगून टाकले, तो उद्देश तुझ्या ध्यानात आला नाही आणि तू उगाच क्षोभलास. ‘उगाच’ म्हणतो खरा, पण आपले बोलणे कुठे निसटले, ती जागा आधी दाखवतो आणि मगच पुढे जातो.

आता आपल्या फडांकडे आणि सप्ताहांकडे या. वसई-विरारमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वस्ती वाढली तशी हरिपाठ मंडळेही वाढली. नालासोपाऱ्याच्या चाळींतून सप्ताह बसतात, विरार लोकलच्या डब्यात भजन रंगते, आषाढी-कार्तिकीला गाड्या भरून जातात. हे सगळे वैभवच आहे. पण निरूपण ऐकताना मला अलीकडे एक खटकते. एक सिद्धांत मांडला की त्यावर एक प्रमाण, त्या प्रमाणावर दुसरे, त्यावर तिसरे. मागचे टाळकरी ते उचलतात, चाल रंगते, आणि मूळ सिद्धांत सोडवायचा राहूनच जातो. प्रमाण हे सांगितलेल्या गोष्टीला बळकटी देते. न सांगितलेल्या गोष्टीची जागा ते घेऊ शकत नाही. श्रोत्याच्या मानेवरून तर काहीच कळत नाही. मान चालीलाही डोलते. (माझ्या त्या गुरुवारी डोलणाऱ्या मानांमध्ये मावशींचीही होती.) कीर्तनात मध्येच उठून विचारायची रीत नाही, ते ठीक. पण नंतर प्रसादाच्या रांगेत तरी कोणी विचारावे, एवढी मोकळीक आपण ठेवली आहे का? विचारणाऱ्याला ‘श्रद्धेने ऐका, कळेल’ असे म्हणून वाटेला लावतात. अर्जुनाला देव असे म्हणाला नाही.

सगळा दोष वक्त्याचा, असेही मी म्हणणार नाही. नवव्या अध्यायाच्या शेवटी माउलींनी धृतराष्ट्राचे एक चित्र काढले आहे. संजय भरून येऊन राजविद्या सांगतो आहे आणि म्हातारा राजा ढिम्म बसला आहे, पुराच्या पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा. पाणी वाहते आहे, त्याला उठायचेच नाही. आमच्याकडे जुलैत पाणी भरले की सखल रानात म्हशी अशाच बसलेल्या दिसतात, म्हणून हे चित्र मला फार जवळचे. तेव्हा न समजणे दोन प्रकारचे. अर्जुनाला समजत नाही आणि त्याची तगमग होते. धृतराष्ट्राला समजत नाही आणि त्याचे त्याला काहीच नाही. वक्त्याने दोघांना एका मापाने मोजले की अर्जुनावर अन्याय होतो.

इथे मामासाहेबांची आठवण होते. सोनोपंत दांडेकर आपल्या पालघरकडचे, केळवे-माहीमचे. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आपली मुले तिथे शिकतात. ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि विष्णुबुवा जोगांचे शिष्य. म्हणजे दोन्हीकडची परिभाषा त्यांच्या हाताशी होती. तरी त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी उघडा. ओवीखाली साध्या वाक्यात अर्थ. आपल्या विद्वत्तेला त्यांनी त्या पानांवर पाय पसरू दिलेले नाहीत. गुरुवारच्या तयारीला मी तेच पुस्तक घेतो. पण घोटाळा असा की त्यांचे सोपे वाक्य वाचून मला वाटते, मला कळले. आणि मग ते वाक्य बाजूला ठेवून मी माझे अवघड बोलू लागतो.

आणखी एक वसईकर आठवतात. ते आपल्या संप्रदायातले नव्हेत, पण त्यांना सोडून हा विषय पुरा होत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे. ‘सुवार्ता’चे संपादक, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ च्या जुलैत गेले. बायबल मराठीत त्यांच्या आधीही होते. तरी त्यांनी ते पुन्हा मराठीत आणले, आणि नाव दिले ‘सुबोध बायबल’. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मी थांबतो तो त्या ‘सुबोध’ शब्दापाशी. धर्मग्रंथाचे भाषांतर झाले म्हणजे तो कळला असे नाही, आपल्या माणसांसाठी ते काम पुन्हा करावे लागते, हे त्या नावातच आहे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेही तीनशे वर्षांनी पुन्हा केलेले काम. एकदा सोपे केले की ते कायमचे सोपे राहते, असे होत नाही.

तर मी पुढच्या गुरुवारी काय केले? तिसऱ्या अध्यायातच पुढे गेलो. अर्जुनाने ‘मऱ्हाटा’ मागितल्यावर देव दोन मार्ग सांगतो आणि लगेच दृष्टांत देतो. पक्षी एका झेपेत फळाला जाऊन बिलगतो. माणसाला ते कसे साधेल? तो फांदीफांदीने, हळूहळू, पण नक्की पोहोचतो. हा दृष्टांत ज्ञानी आणि कर्मयोगी यांचा, हे खरेच. पण मला त्यात वक्ता आणि श्रोताही दिसले. ज्याला अर्थ आधीच माहीत आहे तो पक्षी. तो सिद्धांतावर जाऊन बसतो आणि खालच्याला म्हणतो, ये. आपल्या अर्नाळ्याकडे ताडावर चढणारा माणूस बघा. बुंध्याला जिथे पाय टेकतो तिथे खाच केलेली असते. खाच नसलेले झाड कोणी चढत नाही. माझ्या चाळीस मिनिटांत खाच एकही नव्हती.

म्हणून मी त्या दिवशी अधिकारभेद वगैरे काही काढले नाही. त्याच ठिकाणचे पुढचे दोन दृष्टांत फक्त वाचले. पैलतीराला जायचे आहे त्याने नाव सोडून कसे चालेल? भूक भागवायची आहे त्याने स्वयंपाक न करून कसे चालेल, आणि केलेले न जेवून तरी कसे चालेल? मावशी म्हणाल्या, “म्हणजे तोडायचीच.” म्हटले, “हो, तोडायची.” बाजूचे एक काका म्हणाले, “आणि भाव पडला तर?” त्यावर दोघांचे बरेच झाले. फुलाचा भाव आपल्या हातात नाही, फूल न चुरगळता नेणे आपल्या हातात आहे, इथपर्यंत ती दोघे आपापसांत आली. मी मध्ये बोललो नाही. चाळीस मिनिटांत मला जे सांगता आले नव्हते, त्यातले बरेचसे त्या बोलण्यात आले होते.

पण मावशी तिथे थांबल्या नाहीत. पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, “बुवा, होडीतून पैलतीराला गेलं की होडी सोडावी लागते ना? मग ती सोडायची कधी, ते कसं कळायचं?”

पुढच्याच ओवीत त्याचे उत्तर आहे. ओढ संपेपर्यंत व्यापार चालतो, तृप्ती झाली की तो आपोआप थांबतो, असा तिचा भाव आहे. मी तो वाचून दाखवला. मावशींनी ऐकले, थोड्या वेळाने म्हणाल्या, “हे नाही कळलं.”

त्या उत्तराला खाच कुठे करायची, ते मला अजून सापडलेले नाही. येत्या गुरुवारी पान तेच आहे.