आत्रियम आणि अंगण

आपल्या धर्मग्रामांतील बालवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलाला धर्माचे काय शिकवले जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा पाठांतराच्या यादीने दिले जाते : क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, नाताळचे एखादे गीत. एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी सोफिया काव्हालेत्ती यांचा बालकाच्या धार्मिक सामर्थ्यावरील ग्रंथ अवश्य वाचावा. मूळ इटालियन पुस्तक १९७९ सालचे. इंग्रजी अनुवाद १९८३ साली निघाला.

काव्हालेत्ती (१९१७-२०११) या हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक. १९५४ साली रोममध्ये त्यांनी माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गॉब्बी यांच्यासह लहान मुलांच्या धर्मशिक्षणास आरंभ केला. ज्या खोलीत हे चाले तिला 'आत्रियम' हे नाव. प्राचीन बासिलिकेपुढील चौकावरून ते मारिया माँटेसरी यांनीच घेतले होते. येथे लहान वेदी असते, हाताळता येईल असा कटोरा असतो, लाकडी मेंढपाळ आणि मेंढरे असतात. संत योहानाच्या दहाव्या अध्यायातील उत्तम मेंढपाळाचा दृष्टान्त शिक्षिका सांगते. पण ही मेंढरे म्हणजे कोण, हे ती सांगत नाही. मूल लाकडी मेंढरे हलवीत राहते आणि कधीतरी, काही दिवसांनी किंवा महिन्यांनी, आपले आपणच ओळखते. ग्रंथाचा सारा जीव या न सांगण्यात आहे. सहा वर्षांपूर्वी नीतीचे धडे नकोत, आधी आपल्यावर कोणी प्रेम करतो हे कळू द्यावे, असा लेखिकेचा आग्रह आहे. 'खोटे बोललास तर येशूला आवडणार नाही' हे वाक्य ज्या घरांत दिवसातून चारदा उच्चारले जाते (आणि अशी घरे आपल्यात थोडी नाहीत), त्यांना हा आग्रह बोचेल. बोचावाच.

मोहरीच्या दाण्याचे प्रकरण मला सर्वांत सरस वाटले. मुलाच्या बोटावर एक दाणा ठेवायचा, एवढाच धडा. आपल्याकडे त्यासाठी साहित्य मागवावे लागत नाही. मिसळणाचा डबा उघडला की झाले.

तथापि पुस्तकाची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलांचे उद्गार आणि चित्रे हाच येथे मुख्य पुरावा आहे. तो साक्षीचा पुरावा आहे, मोजमापाचा नव्हे. सर्व देशांतील मुले अशीच असतात, असा निष्कर्ष त्यावर उभारणे मला धाडसाचे वाटते.

दुसरी अडचण आपल्या परिस्थितीची. एका शिक्षिकेपुढे चाळीस मुले, आणि पालकांना घाई पहिलीच्या प्रवेशाची! शिवाय आपल्या बालवाड्यांत हिंदू आणि मुसलमान मुलेही असतात. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत अज्ञान बालकाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात सहभागी करता येत नाही, असे संविधानाचे अठ्ठाविसावे कलम सांगते. तेव्हा आत्रियम शाळेच्या वेळेत बसवू नये. ते रविवारी, चर्चच्या आवारात, स्नानसंस्कार झालेल्या मुलांसाठी असावे. बालवाडीत सर्व मुलांना द्यावयाचे ते निराळे : शांत बसणे, वस्तू जपून उचलणे, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबणे. काव्हालेत्तींच्या पद्धतीचा हा पाया तर कोणत्याही घरच्या मुलाला चालतो.

खर्चाच्या सबबीला उत्तर आपल्या जवळच मिळते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. माँटेसरींची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी बिया, शिंपले, पाने, खडे वापरले; मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावर नेली, आणि तिला अंगणवाडी म्हटले. आत्रियम म्हणजे तरी अंगणच. वसईच्या सुताराला आंब्याच्या फळीतून दहा मेंढरे कापून देणे कठीण नाही. मेंढपाळाच्या डोक्याला मात्र धनगराचे मुंडासे हवे आणि खांद्यावर घोंगडी; रोमचा झगा आपल्या मुलांना ओळखीचा नाही.