छायाचित्र आणि त्याखालची ओळ

1948 च्या लंडन ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉल संघाची वृत्तछायाचित्रे आजही पुनःपुन्हा छापली जातात आणि बहुधा त्यांखाली ‘अनवाणी’ हे एकच विशेषण असते. वस्तुतः छायाचित्राला अभाव दाखविता येत नाही. त्यात दिसतो तो पाय. पादत्राण नाही, हे सांगते ती खालची ओळ. ह्या एका शब्दाने फ्रान्सविरुद्धचा सामनाच झाकून टाकला आहे: सारंगपाणी रामन यांचा गोल, वाया गेलेल्या दोन पेनल्टी, 2-1 असा निसटता पराभव. इतकेच नव्हे, तर 1950 च्या विश्वचषकातून भारताने घेतलेल्या माघारीचे कारणही पुढे, पुराव्याविना, ह्याच पायांत शोधले गेले. कर्णधार तालिमेरेन आओ तेव्हा कलकत्त्यात वैद्यकाचे शिक्षण घेत होते. चित्राखाली हे क्वचितच आढळते.