दाविदाचं गाऱ्हाणं, केडगावात ऐकलेलं

सकाळच्या दौंड-पुणे गाडीत केडगावला चढलं की बसायला जागा मिळेलच असं नाही. उभ्यानंच हेडफोन लावून गेले दोन महिने मी एकच रेकॉर्डिंग ऐकतेय. झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकाराचं ‘साल्मुस हुंगारिकुस’. एक टेनर गायक, मोठा कोरस, ऑर्केस्ट्रा. वीस-बावीस मिनिटांचा ऐवज. इश्तवान केर्तेस यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत १९७० साली डेक्कासाठी केलेलं.

हंगेरियनचा एक शब्द मला कळत नाही. तरी गोष्ट माझ्या ओळखीची आहे. हे बायबलमधलं ५५वं स्तोत्र. दावीद गाऱ्हाणं मांडतोय, कारण त्याला दगा देणारा शत्रू नाही, रोजच्या उठण्याबसण्यातला सोबती आहे. गेल्या ग्रामपंचायतीला मी बालमैत्रिणीला विश्वासानं सांगितलेली घरातली एक गोष्ट प्रचारात फिरली. त्यानंतर आम्ही दोघी बोललेलो नाही. म्हणून हे स्तोत्र मला लागू पडतं.

१९२३ साली बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही गावं एक झाल्याला पन्नास वर्षं झाली. समारंभासाठी कोदाय यांच्याकडे रचना मागितली गेली आणि त्यांनी दिला हा विलाप. तीनच वर्षांपूर्वीच्या तहात हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग गेला होता. स्वतः कोदाय यांची १९१९च्या फसलेल्या क्रांतीनंतर चौकशी झाली होती, त्यांना संगीत अकादमीतल्या कामापासून दूर ठेवलं होतं. शब्द त्यांनी घेतले सोळाव्या शतकातल्या मिहाय वेग या कवीचे. वेग केचकेमेतचे, कोदाय यांचा जन्मही तिथलाच.

रेकॉर्डिंगबद्दल. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा अंगावर येतो, मग एकदम शांत होतो आणि कोरस खालच्या पट्टीत, सगळे एका सुरात, दाविदाची गोष्ट सांगू लागतो. हे पालुपद पुन्हा पुन्हा येतं. कीर्तनात बुवांनी सोडलेली ओळ टाळकरी उचलतात, तसं. केर्तेस या जागांवर घाई करत नाहीत, हे त्यांचं मोठं काम. गाणारा ब्रायटन फेस्टिव्हल कोरस इंग्लंडचा. ही भाषा त्या लोकांची नव्हे. पण त्यांना तयार करणारे लास्लो हेल्ताय हे कोदाय यांचेच शिष्य. उच्चार बरोबर आहेत का, हे मी सांगू शकत नाही. शब्द चावून, अर्थ धरून गायलेत, हे मात्र कानाला कळतं.

लायोश कोझ्मा यांच्या टेनरबद्दल माझी तक्रार आहे. आवाज देखणा, हलका. मधल्या संथ भागात, हार्पच्या सोबतीनं, तो सुंदर लागतो. पण दावीद दुष्टांचा नाश मागतो तिथे हा आवाज फार सभ्य राहतो. तो जाळ शेवटी कोरसलाच पुरवावा लागतो.

केडगावात बसून हे ऐकताना पंडिता रमाबाई आठवणारच. आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईंनी इथे मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू, ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातून छापलं गेलं. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल १९२४ साली बाहेर आलं. मधल्या वर्षी बुडापेस्टमध्ये कोदाय यांची रचना पहिल्यांदा गायली गेली. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण परक्या भाषेतलं दुःख आपलं करायचं तर ते अक्षर-अक्षर शिकावं लागतं, हे मला रमाबाईंकडून कळलं, आणि ब्रायटनच्या कोरसमध्ये ते ऐकू आलं.

आता माझी चूक. कित्येक दिवस मला वाटत होतं की ही रचना त्या जाळातच संपते. एका रात्री घरी, गुऱ्हाळाची घरघर थांबल्यावर ऐकली, तेव्हा कळलं की त्यानंतरही कोरस गातोय. अगदी हळू, पुन्हा त्याच पालुपदाच्या सुरात. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव सांगतो, तसं इथे कवी सांगतो की हे दाविदाच्या स्तोत्रातलं आहे, कष्टी माणसांच्या दिलाशासाठी रचलंय. गाडीच्या खडखडाटात हा शेवट मला कधी ऐकूच आला नव्हता. मला ऐकू येत होता तो फक्त राग.

केर्तेस १९७३ साली समुद्रात पोहताना बुडाले, वय ४३. हा शेवट त्यांनी इतका खाली उतरवलाय की शेवटचा सूर कधी थांबला ते नक्की सांगता येत नाही. एवढ्यासाठी कोझ्मांचा सभ्यपणा मी माफ करते.

मैत्रीण त्याच डब्यात असते, दोन बाकं सोडून. अजून बोललेलो नाही. तुम्ही ऐकणार असाल तर एवढंच करा: गाडीत ऐकू नका, आणि मोठा आवाज थांबला म्हणून लगेच हेडफोन काढू नका.